अस्तराचा तुकडा

आई,

कॉटवर शिवून झालेल्या गोधड्या बारा आहेत. सगळ्यांना वरून आपलं पूर्वीचं कापड, खालून नवं अस्तर. पूर्वीचं कधी आटलं नाही, म्हणून सवयीने आपण नवंही न धुताच बेतलं. अस्तराचा भाव दीडपट झाला, तरी दुकानदार म्हणतो, "ताई, सूत तेच आहे." उजेडात धरलं तर पलीकडची माझी बोटं मोजता येतात.

दोन्हींचे तीस-तीस सेंटिमीटरचे तुकडे धुऊन वाळत घातलेत. "कापड काय बेडूक आहे, कापून बघायला?" असं म्हणशील. म्हण. पण अस्तर एक सेंटिमीटरहून जास्त आटलं, तर पहिल्याच धुण्यात गोधड्या आक्रसतील. मग सगळ्या उसवून पुन्हा शिवायच्या, आणि ते एकटीने तुझ्या डोळ्यांना झेपणार नाही. प्रयोगशाळेवाले माझ्यासाठी दोनदा थांबले. या सोमवारी रुजू झाले नाही, तर जागा दुसऱ्याला देतील.

माझी बॅग दारापाशीच असू दे. तुकडे वाळले की मोजून खाली लिहिते आणि दुकानात जाते.

पूर्वीचं: तीस.
अस्तर: साडेसत्तावीस.