सुगंधाचा डबा

डिसेंबर, बुधवार संध्याकाळ

वर्गाच्या खिडकीतली ती रिकामी जागा डोळ्यांसमोरून हलत नाही. नाताळच्या गोठ्यात बाळ येशूभोवती हिरवळ हवी, म्हणून आमच्या शाळेत तिसरीची पोरं पत्र्याच्या डब्यांत नाचणी पेरतात. ज्याचा डबा त्यानेच सांभाळायचा, हा माझा नियम. सुगंधाने आधी इतकं पाणी घातलं की सगळी नाचणी कुजली. खूप रडली. मी तिचे डोळे पुसले, पण पेरून दिलं नाही. तिने स्वतःच पुन्हा पेरली आणि काल कोंब दिसले.

आज तिचे वडील न्यायला आले. कळंबजवळची त्यांची अख्खी वाडी वीटभट्टीवर कामाला निघालेली, टेंपो फाटकाशी उभा. म्हटलं, "हिला इथेच राहू द्या, शाळेच्या सिस्टर राहण्याजेवणाची सोय करतील."

"धाकट्याला कोन बघंल, बाई? आमी दोघं भट्टीवर."



सुगंधाने खिडकीतला डबा उचलला. "ठेव गं, मी घालीन पाणी," मी म्हटलं.

"तुमीच सांगितलंय ना, ज्याचा त्यानं."

टेंपोत भांड्यांच्या गाठोड्याशेजारी डबा मांडीवर घेऊन बसली.

नंतर पोरं आपापले डबे सरकवून ती जागा भरायला लागली, तर मी ओरडले. उगाचच. भट्टीवर प्यायला तरी पुरेसं पाणी असेल का? कोंब अजून किती नाजूक.

नियम तिने पाळला. मोडला असता, तर निदान डबा तरी माझ्यापाशी राहिला असता.