आईचा रोल

छोट्या,

दार सावकाश लाव, बाबा आत्ताच झोपलेत. मला कामावर जाणं भाग आहे, म्हणून लिहून ठेवतेय.

तुझ्या जुन्या कॅमेऱ्यांपैकी तो काळा, आपोआप रोल गुंडाळणारा, बाबांनी उघडला. ज्यात आईचे शेवटचे फोटो आहेत तोच. होते, म्हणायला हवं. तो रोल धुवायला टाकायचा तुला धीरच होत नव्हता. मी आंघोळीला गेले होते. बाहेर आले तर बाबा खिडकीत उन्हात बसलेले आणि अख्खी फिल्म ओढून मांडीवर घेतलेली. स्टुडिओवाल्या काकांना लगेच फोन केला. ते म्हणाले, ऊन लागलं म्हणजे संपलं, त्यातून आता काही निघायचं नाही.

बाबांना ओरडू नकोस, हात जोडते. मी ओरडले, तर लहान मुलासारखे रडायला लागले. म्हणाले, "छोट्याच म्हणाला होता, आई यात आहे. किती दिवस तिला अंधारात ठेवायचं?"

फिल्म मुठीत धरूनच झोपलेत, ओढून घेऊ नकोस. बाकीचे कॅमेरे माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलंय. जेवण झाकून ठेवलंय, दोन घास तरी खा.

डोळा लागता लागता विचारत होते, "दिसली नाही गं ती. रागावून गेली का?" मी म्हटलं, बाजारात गेलीय, येईल इतक्यात. उठल्यावर तुलाही विचारतील. तूही तेच सांग.

ताई