मधल्या कोचावरचा बेस

गुरुवार, संध्याकाळी सात

आज स्पीकरच्या दुकानाच्या कामाला वालचंदनगरला गेलो, कॉलेजात माझ्याबरोबर असलेल्या प्राजक्ताच्या क्वार्टरवर. तिच्या पप्पांनी सबवूफर घेतलाय, म्हणजे नुसता बेस, खालचा घुमणारा आवाज काढणारा डबा. जागा ठरवायला तो आधी ऐकणाऱ्याच्या कोचावर ठेवायचा, गाणं लावायचं आन आपण खोलीभर रांगायचं. जिथं बेस भरीव लागंल, तिथं डबा कायमचा. मी रांगत असताना पप्पा म्हणाले, "रविवारी पाहुणे त्याच मधल्या कोचावर बसणारेत. नीट बसव रे."

कसले पाहुणे? तिला बघायला येणारे? काल फोनवर ती यातला एक शब्द बोलली न्हाय. कॉलेज सोडलेल्याला कोण सांगणार म्हणा. डोकं फिरलं. जागा बरोबर सापडली होती, तरी डब्यामागचं फेजचं बटण उलटं केलं, म्हंजे डब्याचा आन बाकीच्या स्पीकरचा आवाज एकमेकाला खातो. मधल्या कोचावरचा बेस पार गेला.

पप्पांनी ऐकायला तिलाच बसवलं. तिचा कान तिखट. फोनवर नुसतं 'हॅलो' म्हटलं तरी मी दुकानात हाय का घरी, ते ओळखते. मिनिटभर त्या कोचावर बसली, माझ्याकडं बघितलं आन म्हणाली, "छान वाजतंय, पप्पा."

खोटं बोलली, एवढं नक्की. पण कशासाठी? मला सांभाळून घ्यायला, का मी लवकर निघावं म्हणून?