दुसरीच्या आईचा ओरडा

प्रिय आई,
लेकीचा वाकून नमस्कार.

वादळ येऊन गेलं, मी सुखरूप आहे. आमच्या खोलीचे पत्रे तेवढे उडाले. कपडे वाळत घातलेत, काळजी करू नकोस. दादाचा खोकला थांबला का?

खरं सांगू? मी खोली सोडणारच नव्हते. टेकडीवरच्या शाळेत जा, असं भोंग्यावरून सारखं सांगत होते, पण सगळं सामान टाकून निघायला मन होईना. म्हणून तुला फोन केला. तू म्हणालीस, "तू शहाणी आहेस, तुझं तू ठरव," आणि लगेच दादाच्या खोकल्यावर आलीस.

इकडे माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला तिच्या आईचे फोनवर फोन. "निघतेस, की येऊ झिंज्या धरून ओढायला?" ती वैतागली होती. माझा मात्र जळफळाट होत होता. इतकं रागावणारं माणूस हिलाच का? मी भिंतीकडे तोंड करून म्हटलं, "तू जा. मी थांबते."

तिचा फोन स्पीकरवर होता. त्यातून आवाज आला, "आणि ती दुसरी कार्टी कुठाय? तिला आधी चप्पल घालायला लाव!"

मी निमूट चप्पल घातली. शाळेपर्यंत रडत गेले, पावसात कुणाला कळलं नाही.

त्या बाईंचं तोंडही मी पाहिलेलं नाही, पण त्यांच्यामुळे वाचले. तरी त्यांच्या लेकीचा हेवा काही जात नाही. पुढच्या वेळी मला ठरवायला सांगू नकोस, आई. चांगली खडसाव.

तुझीच,
धाकटी