मेथी घालून कुटलेले लिफाफे

आत्याबाई, आधी आली ती तुमची लाडकी सून, माझी धाकटी जाऊ. दारातनंच ओरडली, "अगं ए, पुण्याची दोन माणसं मोटारीतनं उतरल्यात, तुझंच घर विचारत्यात!" मागनं ती आलीच. चष्मेवाला म्हातारा नि त्याची बायको. किकवीच्या एका पेन्शनर शिपायानं धाडलेली. मागल्या लढाईतलं टपाल गोळा करतात म्हणे. मला हसूच फुटलं. लोक म्हशी गोळा करत्यात, ही रिकामे लिफाफे! म्हातारा म्हणाला, "आजी, जर्मनांच्या पाणबुड्यांनी समुद्राची नाकेबंदी केली होती. त्यातनं निसटलेल्या बोटींचं टपाल लाखमोलाचं. तुमचे यजमान फ्रान्सात फौजेच्या खेचरांवर होते ना? त्यांचे लिफाफे आहेत?"

"पत्रं वाळवीनं खाल्ली, लिफाफे सासूनं कुटून टोपलीला लिंपाय लावलं," म्या म्हणलं. बाई मटकन खालीच बसली. चहा दिला तवा सावरली.

तुमच्यावर ढकललं, व्हय. का सोडू? पत्र यायचं ते तुमच्या नावानं. मास्तर ओट्यावर वाचायचे, मी दाराआड. जरा पुढं सरकलं की तुमी, "तुला काय कळतंय? चूल बघ." कागद तुमच्या पेटीत, नि लिफाफे माझ्या पुढ्यात. "भिजव, मेथी घाल, कूट, टोपली लिंप." पाणबुड्यांच्या तावडीतनं सुटून आलेलं माझ्या नवऱ्याचं बोलणं तुमी उंबऱ्यात अडवलं. त्याच टोपलीत भाकरी ठेवायच्या. मी उपाशी उठायची, तुमी म्हणायचा, "नखरे बघा महाराणीचे!"

बाईनं टोपली मागितली. उलटी करून बोटांनी चाचपली. "बूड जाड आहे हो. आत काहीतरी अख्खं आहे. भिजवून सोडवू? शाई राहील का, ते मात्र सांगता येत नाही."

आत काय हाय ते त्यांस्नी न्हाई, पहिलं तुमास्नी सांगायचं. म्हणून हे लिहाय बसले. नातीनं बाराखडी शिकवलीय. अक्षरं वाकडी हायेत, हसा.

ते बूड म्या लिंपलंय, आत्याबाई. शेवटचं पत्र डाकवाल्यानं विहिरीवर माझ्या हातात दिलं. एक तरी माझ्यापाशी राहू दे म्हणलं, नि न फोडताच बुडाला ठेवून वर लगदा थापला. मग तुमी डाकवाल्याची वाट बघत रोज पारावर बसायचा, येऊन मला विचारायचा, "आजबी न्हाई?" मी भाकरी थापत म्हणायची, "न्हाई." पोरगा मेला असं धरूनच तुमी त्या पावसाळ्यात गेला. ते दिवाळीला धडधाकट परत आले. त्यांस्नीबी मी कधी सांगितलं न्हाई, नि आता तेबी गेले.

माफी मागत न्हाई. तुमीबी कधी मागितली न्हाई. पण त्या दोघांस्नी म्या व्हय म्हणलंय. लिफाफा त्यांचा, कागद माझा. शाई राहिली तर पहिलं देवघरातल्या तुमच्या चांदीच्या टाकापुढं वाचीन, मोठ्यानं. वाचलंच जाऊ नये असं अजून थोडं वाटतंय, ते मात्र खरं.

मंगळवारी येतो म्हणालेत.