आईच्या डिस्कवरची जागा

बाबा, गेल्या महिन्यात आईही गेली. ताईला तिचं हलतं-बोलतं काहीतरी मोबाइलमध्ये हवं होतं, म्हणून मी आईच्या रिटायरमेंटची डीव्हीडी कपाटातून काढली आणि दादरला, माझ्या ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरला लावली. कॉपी करण्याआधी सवयीने फाइल केवढी आहे ते पाहिलं. ही सवय तुमचीच.

गिरणी बंद झाल्यावर तुम्ही लग्नांचं शूटिंग सुरू केलंत. लालबागच्या आपल्या खोलीत खिडकीशी कॉम्प्युटर असायचा, तुमच्या शेजारी मी. तीन तासांचं लग्न एका डिस्कवर कसं बसवायचं ते तुम्ही शिकवलंत. बिटरेट, म्हणजे चित्राच्या दर सेकंदाला किती जागा द्यायची तो आकडा, थोडा थोडा खाली आणायचा. फार आणला तर चेहऱ्यांवर चौकोन दिसतात. एकदा मी कंटाळून आहेराची अर्धी रांगच कापून टाकली. तुम्ही आवाज चढवला नाहीत, पण सगळं पुन्हा करायला लावलंत. म्हणालात, "चित्र जरा मळलं तरी चालेल. माणूस सुटता कामा नये." आजही एडिटिंग करताना मी हे बरोबरच्यांना सांगते, माझे वडील म्हणायचे म्हणून.

आई परळच्या हॉस्पिटलातून रिटायर झाली तेव्हा बरोबरच्या नर्सेसनी छोटा कार्यक्रम ठेवला होता. जातीबाहेर लग्न केलं म्हणून तुम्ही ताईशी दोन वर्षं बोलत नव्हतात. आईने तिला परस्पर बोलावलं. वडाळ्याहून ती नवऱ्याला घेऊन आली, दोघं पाया पडली, आणि आईने सगळ्यांसमोर जावयाच्या तोंडात पेढा घातला. कॅमेरा तुमच्याच हातात होता. तुम्ही तो बंद केला नाहीत. शेजारी उभ्या मला वाटलं, सुटला तिढा.

ती डिस्क तुम्ही एकट्याने केलीत, मी कॉलेजातून येईपर्यंत तयारही होती. रविवारी आईने ती शेवटपर्यंत बघितली आणि विचारलं, "पेढ्याचं कुठे गेलं?"

"मावलं नाही," तुम्ही म्हणालात.

आईने माझ्याकडे पाहिलं, कारण घरात तुमच्याखालोखाल त्यातलं मलाच कळायचं. मी म्हटलं, होतं असं कधी कधी. ताईलाही फोनवर मीच समजावलं, अगदी बिटरेटसकट. तोवर कार्यक्रमाच्या मूळ टेपवर तुम्ही प्रभादेवीचं कुणाचंसं बारसं शूट करून टाकलं होतंत.

बाबा, त्या डिस्कचा तिसरा हिस्सा रिकामा आहे. बिटरेट खाली आणायचीसुद्धा गरज नव्हती.

तुमचा ताईवरचा राग मी एक वेळ समजून घेईन. पण आई दर दिवाळीला ती डिस्क लावायची, आणि लेक-जावई नसलेला तो कार्यक्रम आपलाच म्हणून बघायची. आणि खोटं पटवायला तुम्ही मला वापरलंत. मला सांगितलंही नाहीत.

परवा ताईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबांचा शब्द मला तेव्हाही पटला नव्हता. तू सांगितलंस म्हणून मानलं."

हे कुठे टाकायचं पत्र नाही. पण एक कबूल करते. त्या रविवारी डिस्क किती भरलीय हे बघायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. मी बघितलं नाही. ताई लग्न करून गेल्यापासून तुम्ही घरात फक्त माझ्याशीच मोकळं बोलायचात, आणि मला ते आवडायला लागलं होतं.