पाचांचा माळा

१० मार्च, सोमवार
पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि काढून घेतला. वर तीन विद्यार्थी पाय सोडून बसले होते. माळा हलला नाही. मीच हलले.

हा लाकडी माळा आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाने स्टुडिओत स्वतः बांधला. मी शिकवते त्या पद्धतीने— आधी निरीक्षण, रेघ नंतर. स्टुडिओतल्या जुन्या कट्ट्यावर एका वेळी किती जण बसतात, ते पंधरा दिवस मोजलं. जास्तीत जास्त पाच. तसा नोंदींचा तक्ता झाला, तशा तुळया झाल्या. तक्त्याखाली माझी सही.

कॉलेजचे सुतारमामा रंधा पुसत सहज म्हणाले, "मॅडम, शुक्रवारी परीक्षक आले की पोरं काय पाच-पाचच्या रांगेत चढणार आहेत?"

शुक्रवारी चाळीस जण असतील!

११ मार्च
काही केलं नाही.

१२ मार्च
ताईला फोन केला. माळ्याला दोरी बांध, वर चढू नका अशी पाटी लाव, मोकळी हो, म्हणाली. पण पाटी दिसली की परीक्षक कारण विचारणार. माझा विषय पुढच्या वर्षी ठेवायचा की नाही, ते शुक्रवारी तेच ठरवणार आहेत. ताई म्हणाली, "विषय गेला तर जाऊ दे. एखादं पोर जायबंदी झालं तर?" मी फोन ठेवला. तेव्हापासून कानात लाकूड करकरतंय.

१३ मार्च
तक्ता जिने केला तिला बोलावलं. वर्गात तिला फूटपट्टी म्हणतात. विचारलं, गर्दीचं मनात आलंच नाही का? आलं होतं म्हणे, पहिल्याच दिवशी.

"मग लिहिलं का नाहीस?"

"तुम्हीच सांगितलं होतं ना, मॅडम. जे दिसलं नाही ते लिहायचं नाही."

खरंय. पहिल्या तासाला मीच फळ्यावर लिहिलं होतं. खाली दोन रेघा ओढून.

तशीच सुतारमामांकडे गेले. वाळूच्या गोण्या आणि कप्पी मागितली.

१४ मार्च
सकाळी नऊला सगळ्यांना लांब उभं केलं. परीक्षकांसमोर कप्पीने गोण्या वर चढवल्या— एका माणसाच्या वजनाची एक. तेराव्या गोणीला मधली तुळई मोडली.

तक्ता कोणाचा, परीक्षकांनी विचारलं. फूटपट्टीचा हात वर जात होता. त्याआधी मी पुढे झाले.